एक पाना कमी आहे, त्याबाबतचे मृत्युपत्र

मी, या कागदांच्या शेवटी सही करणारी, घरात आणि गल्लीत भिंगरी म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे एकोणतीस, धंदा रंगकाम (मिळेल तिथे), आज पूर्ण शुद्धीवर, पोटभर जेवून, खुर्चीत ताठ बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही. फसवून लिहून घेतलेलं नाही. फसवलं आहे, पण ते वेगळ्या बाबतीत, आणि ते कलम चारमध्ये येईल.

मला कसलाही आजार नाही. उद्या मी मालवाहू बोटीवर रंगाऱ्यांच्या टोळीबरोबर नऊ महिन्यांसाठी जात आहे. भरतीच्या अर्जात एक रकाना होता: आपल्या पश्चात आपल्या वस्तू कोणास द्याव्यात? रकाना दोन बोटं रुंद. मी तो भरला, मग समास भरला, मग कागद उलटा केला. एजंटच्या ऑफिसातले कारकून चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "अहो बाई, इथे फक्त एक नाव लिहायचं असतं."

"नाव लिहिते हो, पण तो माणूस कसा वागला तेही लिहायला नको का?"

"मग सरळ मृत्युपत्र करा. त्यात काय वाट्टेल ते लिहा. दोन साक्षीदार आणा. आणि ज्याला काही देणार, त्याला साक्षीदार करू नका."

त्यांनी मला चार कोरे कागद दिले. हा तिसरा आहे, कारण आधीचे दोन फाडले. माझी शाळा नववीपर्यंत झाली आणि तीही तुकड्यातुकड्यांत, तेव्हा कायद्याची भाषा कुठे चुकली असेल तर शब्दांवर अडू नये, अर्थ धरावा.

कलम पहिले. किरकोळ वस्तू.

गादी, चादरी, स्टोव्ह आणि दोन पातेली जो कोणी माझ्यानंतर या खोलीत राहायला येईल त्याची. स्टोव्ह डावीकडे कलतो, खाली पुठ्ठा घालावा. इस्त्री मी घरमालकीणबाईंना देणार होते, पण त्या साक्षीदार आहेत, म्हणून ती आज सकाळीच त्यांना देऊन टाकली. त्या म्हणाल्या, "मेल्यावर द्यायची वस्तू जिवंतपणी देतेस, चटका तर बसत नाही ना हिचा?" बसतो. मुठीजवळ.

लहान ब्रश, म्हणजे शून्य नंबरचे आणि त्याहून बारीक, असे अकरा, माझ्या पाट्या रंगवणाऱ्या उस्तादांना. त्यांनी मला अक्षर शिकवलं. त्यांच्याकडून एका दुपारी मी "दोन तासांत येते" म्हणून निघाले आणि सर्कशीचे तंबू रंगवायला गेले ती पाच महिन्यांनी परतले. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चहा गार झाला." त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही वाकडं नाही. त्यांच्या मनात असेल तर तो त्यांचा हक्क आहे.

बँकेत जे काही असेल ते माझ्या अंत्यविधीला पुरावं. उरलं तर वहिनीला.

कलम दुसरे. घर.

बाबांच्या पश्चात दोन खोल्यांचं घर दादाच्या आणि माझ्या नावावर निम्मं निम्मं आहे. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, नकाशे काढायच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. माझं निम्मं घर मी वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला देत आहे. दादाला नाही. हे चुकून झालेलं नाही.

वहिनी मी कधीही, कुठूनही, न सांगता आले तरी "आलीस? पाय धू आधी" एवढंच म्हणते. माझी उशी तिने कधी दुसऱ्या कोणाला दिली नाही. पुढे जे येणार आहे त्याने तिला त्रास होईल हे मला माहीत आहे, म्हणून तिचं चांगलं आधी लिहून ठेवलं.

अट एकच. आतल्या खोलीच्या दाराची चौकट रंगवायची नाही. तिच्यावर आमच्या उंचीच्या खुणा पेन्सिलने केलेल्या आहेत. एकदा मी हट्ट केला म्हणून बाबाही चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि मी स्टुलावर चढून खूण केली. पाच फूट चार इंच. ही खूण पुढे उपयोगी पडणार आहे.

कलम तिसरे. बाबांची हत्यारपेटी.

आमचे बाबा हवाई दलाच्या तळावर मेकॅनिक होते. एकतीस वर्षं. त्यांची स्वतःची पेटी माझ्याकडे आहे, ती माझ्याबरोबर बोटीवर येणार आहे. बोट बुडाली तर पेटीचा प्रश्न मिटला. न बुडता मी गेले, तर पेटी बंदराच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बाईंना द्यावी. त्या हत्यार पुसल्याशिवाय ठेवत नाहीत.

इथे थोडं विषयांतर, पण ते लागतं. तळावर भिंतीला एक फळी असायची आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. काम संपलं की पाना आपल्या आकृतीवर लटकवायचा. सगळ्या आकृत्या भरल्या की मगच विमानाचं झाकण लावायचं आणि सही करायची. एक जरी आकृती रिकामी राहिली, तर पाना विमानाच्या पोटात राहिला असं समजायचं.

एकदा एकवीसपैकी वीसच पाने भरले. बाबांनी सही केली नाही. साहेब आले. "एका पान्यासाठी विमान अडवणार? नवा घे स्टोअरमधून."

बाबा म्हणाले, "नव्याने फळी भरेल साहेब, विमान रिकामं होणार नाही."

तीन दिवस विमान जमिनीवर. बाबांवर लेखी ठपका. तिसऱ्या दिवशी पाना सापडला, हवा आत ओढून घेणाऱ्या तोंडाच्या आत, वळणावर. इंजिन चालू झालं असतं तर त्याने तो गिळलाच असता. ठपका कोणी मागे घेतला नाही आणि त्या वर्षीची बढतीही गेली ती गेलीच. बाबा हे आम्हाला ताटावर बसून सांगायचे, जणू छत्री हरवल्याची गोष्ट. दादा ऐकायचा ती बढती गेल्याची गोष्ट. मी ऐकायची ती त्या विमानात बसणारा माणूस संध्याकाळी घरी जेवायला गेल्याची.

घर एक, गोष्ट एक, कान चार. तिथूनच आमचं फाटलं असणार.

कलम चौथे. तीन मजली तळ.

आता मुख्य मालमत्ता. बाबा गेल्यानंतर त्यांचे कपडे आवरताना दादा म्हणाला, "आपण बाबांचा तळ उभारू. छोटा. सगळा." मी तेव्हा रडत होते, मी लगेच हो म्हटलं. रडताना कोणाला हो म्हणू नये.

तळाचा आराखडा दादाने आलेखाच्या कागदावर केला. हे मी कबूल करते, तो उत्तम होता. तीन मजले. सर्वात खाली जमिनीखालचा दुरुस्तीचा कारखाना, समोरून उघडा, म्हणजे माणसाला वाकून आत बघता येईल. त्यावर धावपट्टी आणि चार लढाऊ विमानं. त्याच्यावर, मागच्या बाजूला, मनोऱ्याचा मजला आणि पारदर्शक काडीवर उडालेलं एक विमान. वरचं विमान मुद्दाम लहान मापाचं, म्हणजे ते लांब गेलंय असं वाटावं. खालचं सगळं मोठ्या मापाचं, अठ्ठेचाळीसात एक, म्हणजे खऱ्याचा अठ्ठेचाळिसावा भाग. आधी पुठ्ठ्याचा कच्चा तळ केला, तो जेवणाच्या टेबलावर महिनाभर ठेवला आणि त्याच्या कडेकडेने जेवलो. तोवर दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली होती; मनोरा खालच्या उजेडाच्या आड येतोय हे तिनेच भाजी वाढताना दाखवलं. बाबा खालच्या मजल्यावरचे, हे तिला दादाने सांगितलं असेल असं मी धरून चालले होते. मग मनोरा मागे सरकवला.

दादाने मोजायचं आणि कापायचं, मी जोडायचं आणि रंगवायचं, अशी वाटणी. विमानं विकतच्या जोडायच्या किटमधली, पण कारखाना पूर्ण माझ्या हातचा. फरशीवरचे ऑइलचे डाग मी सात थरांत केले, प्रत्येक थर वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून. तारेचे पंखे. काडेपेटीच्या लाकडाची बाकं. कोपऱ्यात तिवईवर उघडं इंजिन, त्याच्या नळ्या गिटारच्या तारांच्या. आणि मागच्या भिंतीवर ती फळी, एकवीस पांढऱ्या आकृत्यांची. पाने चार मिलिमीटरचे, डब्याच्या पत्र्यातून कापलेले. वीस लटकवले. एकविसावा बाबांच्या हातात द्यायचा होता. म्हणजे बघणाऱ्याने वाकावं, फळीवर एक आकृती रिकामी बघावी, घाबरावं, आणि मग त्याला बाबा दिसावेत.

बाबांची मूर्ती चौतीस मिलिमीटरची. दादा म्हणाला छत्तीस कर. त्याने फोटोवरून मोजलं होतं, फोटोत बाबा बूट आणि टोपी घालून विमानाच्या शिडीच्या पायरीवर. मी त्याला हाताला धरून चौकटीपाशी नेलं. तो म्हणाला, "दोन मिलिमीटरने काय होतंय?" मी म्हटलं, "चार इंच होतात." तो महिना आम्ही वहिनीमार्फत बोललो, तेही मीठ आणि दुधापुरतं.

शेवटी चौतीस ठरले. आणि आलेखाच्या कागदाच्या कोपऱ्यात दादाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: खालचा मजला दोघांनी मिळून बंद करायचा, बाबांना आत उभं केल्यावर. खाली दोघांच्या सह्या. कागद या मृत्युपत्राला जोडला आहे.

मग मी गेले. दोन महिन्यांसाठी म्हणून गेले, अकरा लागले. हे लपवत नाही. मूर्ती खिशात घेऊन गेले, कारण चेहरा अजून जमत नव्हता आणि चेहरा घाईने होत नाही. एका गावात सिनेमाचे पडदे, दुसऱ्यात फिरत्या वाचनालयाची गाडी, तिसऱ्यात काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बोटं रंगलेली होती. बाबांचा चेहरा सातव्यांदा खरवडल्यावर आठव्यांदा आला. भुवया जुळलेल्या, तोंड जरासं उघडं, मोजताना व्हायचं तसं.

परत आले तर तळ घरात नव्हता. सार्वजनिक ग्रंथालयाच्या दालनात, काचेच्या पेटीत, प्रदर्शनात पहिला आलेला. मी धावत गेले, पाय न धुता.

कारखाना नव्हता. समोरची उघडी बाजू प्लायवूड लावून बंद केलेली, त्यावर काँक्रीटसारखा रंग, तोही एका थरात. प्लायवूडवर पितळी पाटी: आमच्या वैमानिक वडिलांच्या स्मृतीस. खाली दादाचं नाव. एकट्याचं.

वैमानिक.

वरच्या विमानात, काचेच्या झाकणाखाली, दादाने एक विकतची मूर्ती बसवली होती, हेल्मेट घातलेली. तेच आमचे बाबा. पण झाकण त्याने घाईत झटपट गोंदाने चिकटवलं. त्या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडते आणि काच आतून पांढरी होते. हे नवशिक्याला पहिल्या किटमध्येच कळतं. दादाला माहीत होतं, त्यानेच मला शिकवलं होतं. वाफ बाहेर जाईपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता. म्हणजे आता खालचे बाबा आत नाहीत, वरचे दिसत नाहीत.

मी त्याला ग्रंथालयाच्या जिन्यात गाठला.

"खालचा मजला कुठाय?"

"आहे की आत. काढलेला नाही."

"दिसत का नाही मग?"

"अगं, परीक्षकांना विमानं बघायची असतात. ऑइलचे डाग कोण बघतंय?"

"आणि वैमानिक?"

त्याने जिन्याचा कठडा नखाने खरवडला. "लग्न ठरताना तुझ्या वहिनीच्या वडिलांनी विचारलं, हवाई दलात म्हणजे वैमानिक का? मी नुसता हसलो. मी काही बोललो नाही, भिंगरे. नुसता हसलो. मग ते वाढतच गेलं. आता सगळे तेच धरून चाललेत."

"आपण लिहिलं होतं, दोघांनी मिळून बंद करायचा."

"तू दोन महिन्यांत येणार होतीस."

हे खरं होतं, म्हणून मी दुसरं विचारलं. "बंद करण्याआधी मोजलंस?"

"काय मोजायचं?"

"पाने."

तो खरंच हसला. "अगं खेळण्यातले पाने ते!"

केसाने गळा कापणं म्हणतात ते इतकं बारीक असतं हे मला तेव्हा समजलं. चार मिलिमीटर. माझं नाव पाटीवरून गेलं त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण पाट्या मी आयुष्यभर दुसऱ्यांच्याच रंगवल्या आहेत. बाबांचं काम भिंतीआड ढकललं, तेही हत्यार कमी असताना, न मोजता, एकतीस वर्षांत त्यांनी जे एकदाही केलं नाही ते त्यांच्याच नावाने केलं. यासाठी दादाला मी माफ करत नाही. मृत्युपत्रात माफ करायची पद्धत असते असं कारकून म्हणाले. असू दे.

सबब, तीन मजली तळाची वाटणी अशी. धावपट्टी, मनोरा, चार विमानं आणि धुरकट झाकणाचं पाचवं दादाला. पितळी पाटीही त्यालाच. ती त्याने स्वतःच्या घरात, स्वतःला रोज दिसेल अशी लावावी. खालचा कारखाना कलम सहाप्रमाणे.

कलम पाचवे. माझी एक चूक.

हे कलम लिहायचं नव्हतं. दोन कागद फाडले ते याच्यामुळेच.

त्याच दिवशी, जिन्यातून वर आल्यावर, काचेच्या पेटीपाशी वहिनी चार बायकांना तळ दाखवत होती. इस्त्रीची साडी नेसून, नवं पाकीट हातात. एकीने विचारलं, "त्या विमानातला चेहरा दिसत नाही हो."

"ढगात आहेत ना ते," वहिनी म्हणाली. "माझे सासरे. मी बघितलं नाही त्यांना, लग्नाआधीच गेले. पण वैमानिक होते." मग मी तिला दिसले. तिचा चेहरा उजळला. "ही बघा त्यांची मुलगी. हो ना गं?"

माझा उजवा हात खिशात होता. खिशात काडेपेटी, काडेपेटीत बाबा, बाबांच्या हातात एकविसावा पाना. पेटी उघडायची आणि काचेवर ठेवायची, एवढंच काम. बाबा साहेबासमोर उभे राहिले होते. माझ्यासमोर नुसती वहिनी होती, आणि ती माझ्याकडे हसून बघत होती.

मी "हो" म्हटलं.

दादा निदान नुसता हसला होता. मी तोंडाने बोलले. वैमानिक होते, हो. ते चार बायकांनी ऐकलं, वहिनीने ऐकलं, आणि खिशातल्या माणसानेही ऐकलं असेल. तेव्हापासून मी त्या घरी गेलेले नाही. वहिनीला वाटतं मला भटकायचं वेड आहे. ते आहेच. पण या वेळी मी पळाले.

कलम सहावे. कारखाना उघडण्याबाबत.

प्रदर्शन संपून तळ घरी परत आला असं ऐकते. दादाला वाटतं की त्याचं बूड चिकटवलेलं आहे. नाही. तो ऑफिसला गेलेला असताना मी गोंद न लावता चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारले आणि वरून हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ओढली. बाबा म्हणायचे, "जे उघडता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही." बनात कोपऱ्यातून नखाने सुटते. तळ उलटा करू नये, विमानं निखळतील. दोघांनी टेबलाच्या कडेबाहेर धरावा, तिसऱ्याने खालून स्क्रू काढावेत. कारखान्याची जमीन अख्खी खाली येते, बाकं, इंजिन, फळीची भिंत सगळ्यांसकट. पायांसाठी दोन भोकं इंजिनच्या डावीकडे आहेत. बाबा तिथे बसतात, गोंदाशिवाय.

हा खालचा मजला, त्यातल्या सर्व वस्तूंसह, मी वहिनीला देत आहे.

याच मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी वहिनीलाच नेमत आहे. सगळं माझ्या पश्चात करायचं असतं, हे मला कळतं. पहिल्या मसुद्यात मी तसंच लिहिलं होतं: माझ्या मृत्यूनंतर स्क्रू काढावेत. मग हिशोब केला की माझ्या घरात बायका नव्वदीपर्यंत जगतात. म्हणजे बाबा आणखी साठ वर्षं वैमानिक. मी कारकुनांना विचारलं, व्यवस्थापकाला हे कधी कळतं?

ते म्हणाले, "ज्याला नेमायचं त्याला आधी सांगावं बाई, प्रत द्यावी. नाहीतर ऐनवेळी नाही म्हणतात लोक."

"वाचावी लागेल त्याला?"

"न वाचता कशी करणार व्यवस्था?"

तर वहिनी, ही प्रत तुझी. उद्या सकाळी घरमालकीणबाई ती तुझ्या हातात देतील, दादाच्या नाही. सोबत एक छोटा पेचकस आहे, आणि एक काडेपेटी. ती हलवू नकोस, सावकाश उघड. सासऱ्यांना तू पाहिलेलं नाहीस असं म्हणालीस, तर बघ. भुवया दादासारख्या आहेत. तुझा "आलीस? पाय धू आधी" ऐकायला ते असते तर त्यांना आवडलं असतं, त्यांचे पाय कायम ऑइलचे असायचे.

ग्रंथालयात मी जो "हो" म्हटला तो मी या कागदान्वये मागे घेत आहे. तो कायम आणि पूर्णपणे रद्द समजावा.

मूर्ती आत बसवायची की काडेपेटी टेबलाच्या खणात ठेवून द्यायची, हे तू ठरव. माझ्यावर रागावलीस तरी मला समजेल. उशी दुसऱ्या कोणाला दिलीस तरी. पण बसवलीस, तर स्क्रू घट्ट करण्याआधी फळीवरच्या आकृत्या मोज. वीस भरलेल्या असतील. एक बाबांच्या हातात. एकवीस झाले की मग बंद कर.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तीन ठिकाणी खोडलेलं माझंच आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, फक्त रकाना भरला होता. त्या रकान्यात दादाचं नाव होतं. ते रद्द.

ठिकाण: बंदराच्या मागची गल्ली, दुसऱ्या मजल्यावरची खोली.
तारीख: बारा, सोमवार, दुपारी चार.

सही: (भिंगरी)
वडिलांचा हुद्दा: विमान मेकॅनिक.
वडिलांची उंची: पाच फूट चार इंच.

साक्षीदार एक: घरमालकीण. समक्ष सही केली. मुलगी शुद्धीवर आहे. काडेपेटी माझ्या ताब्यात दिली, ती मी उघडून बघितली, पाना हातात आहे.

साक्षीदार दोन: एजंटच्या ऑफिसातला कारकून. समक्ष सही केली. रकाना लहान होता हे मान्य.